कृपया फक्त अक्षरे लिहा

थोरलीला ऑफिसात सगळे थोरलीच म्हणत. तिच्या धाकट्या बहिणीने एकदा ऑफिसच्या फोनवर "आमची थोरली आहे का?" असं विचारलं होतं, आणि बारीकरावांनी ते नाव साऱ्या मजल्यावर पसरवलं. बारीकराव म्हणजे तपासनीस. तयार झालेली वेबसाइट गिऱ्हाइकाच्या हाती जाण्याआधी तिच्यात खोड काढायची, हे त्यांचं काम, आणि खोड काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

आई गेल्यावर थोरली लगेच कामावर आली होती. रडू आलं नव्हतं. जेवताना घास तोंडात फिरायचा, मग गिळला जायचा. चव अशी कशाचीच लागायची नाही. बहीण रोज फोन करून विचारायची, "रडलीस का गं?" ताप उतरला का, असं विचारावं तसं. थोरली म्हणायची, "नाही. कामात आहे." ते खरंही होतं.

काम एका निवासी शाळेच्या प्रवेशअर्जाचं होतं. पालकांनी मुलाचं नाव, जन्मतारीख, फोन नंबर भरायचा आणि 'पाठवा' दाबायचं. अर्ज शाळेकडे निघण्याआधी पालकांच्याच ब्राउझरमध्ये एक छोटी स्क्रिप्ट तो वाचून बघते. दाराशी बसलेल्या माणसासारखं तिचं काम. कुणी जन्मतारीख म्हणून उद्याची तारीख टाकली, नंबरातला एखादा आकडा गाळला, तर ती तिथल्या तिथे सांगते, म्हणजे शाळेच्या उत्तराची वाट बघत बसावं लागत नाही. नावाच्या चौकटीसाठी थोरलीने नियम लिहिला होता: नावात फक्त अक्षरं हवीत. आकडे नकोत, चांदण्या नकोत, भलतीसलती चिन्हं नकोत.

अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी हा नियम अर्जात चढला, आणि दुपारी, अर्जाच्या तळाशी दिलेल्या नंबरावर एका बाईंचा फोन आला.

"अहो, तुमचा अर्ज मला सारखा लाल अक्षरांत सांगतोय, कृपया फक्त अक्षरे लिहा. मी अक्षरंच लिहितेय हो! दुसरं काय लिहू, चित्र काढू?"

"जरा थांबा, बघते," थोरली म्हणाली.

बारीकराव खुर्ची सरकवत आले. "आपल्याकडे तर लोण्यासारखं चालतंय. हे बघ." त्यांनी 'कमल' लिहिलं. गेलं. 'नयन' लिहिलं. तेही गेलं.

"तुम्ही दर वेळी हेच लिहिता?"

"मग काय निबंध लिहू?"

थोरलीने 'बदक' लिहिलं. गेलं. मग 'चिमणी' लिहिलं, आणि चौकट लाल झाली.

तिला लगेच कळलं. मूल वाचायला शिकतं तेव्हा आपण त्याला आधी कमल, बदक, घर असे सरळ शब्द देतो; काना, वेलांटी, मात्रा मागाहून येतात. बारीकराव त्या पहिल्या धड्यातच अडकून राहिले होते. आणि संगणक ज्यावरून अक्षरं ओळखतो त्या कोष्टकात 'म' हे अक्षर आहे, पण त्याला लागणारा काना हे अक्षर नाही. ती नुसती खूण. थोरलीने 'फक्त अक्षरं' म्हटलं, आणि स्क्रिप्टने ते शब्दशः घेतलं.

"म्हणजे वेलांटी अक्षर नाही?" बारीकराव म्हणाले. "मग माझ्या आडनावात उरलं काय?"

"फार काही नाही."

तिने नियमात अक्षरांबरोबर खुणांनाही वाट करून दिली. एका ओळीचं काम. 'चिमणी' गेली. बाईंना तिने पान बंद करून पुन्हा उघडायला सांगितलं, कारण ब्राउझर जुनी स्क्रिप्ट धरून बसतो. बाईंचा अर्ज गेला. "उपकार झाले," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

आता थोरलीला वेगळाच प्रश्न पडला. नियम असा होता, तर सकाळपासून अर्ज आले ते कसे? तिने आलेले अर्ज उघडले. नावं होती, पण सगळी उघडीबोडकी. लाल अक्षरांत सांगितलं तसं पालकांनी निमूट केलं होतं. काना काढला, वेलांटी काढली, मात्रा काढली, आणि पोराचं जे उरलं ते पाठवून दिलं होतं. एका मुलीच्या नावाची दोनच अक्षरं उरली होती.

'मर'.

"अरे देवा," बारीकराव तिच्या खांद्यामागून म्हणाले.

थोरली बघत राहिली. नातेवाईक इतके दिवस या शब्दाला वळसा घालून बोलत होते. आई 'गेली' होती, 'सुटली' होती, 'शांत झाली' होती. इथे तो चौकटीत सरळ उभा होता, जन्मतारखेच्या वर. काहीतरी वाटायला हवं, असं तिला वाटलं. वाटलं नाही.

"संध्याकाळी शाळा ही नावं जन्मनोंदीशी ताडून बघणार," ती म्हणाली. "जुळलं नाही की अर्ज बाद. तुम्ही यादीच्या वरून फोन लावा, मी खालून लावते."

एक गृहस्थ तर कडाडलेच, "सकाळी तुम्हीच म्हणालात काढा, आता तुम्हीच म्हणताय घाला! पोराचं नाव आहे का स्वेटर?" थोरलीने माफी मागितली आणि नाव लिहून घेतलं. दुसऱ्याचंही घेतलं. तिचा आवाज सपाटच राहिला.

'मर'चा फोन कोणी उचलेना. बाकीची यादी संपली, बाहेर दिवे लागायला आले, तेव्हा एका लहान मुलीने उचलला.

"आई आंघोळीला गेलीय."

"शाळेचा अर्ज तुझाच का गं? नाव काय तुझं?"

"मला सगळे ठमी म्हणतात. कागदावरचं वेगळंय." तिने ते सांगितलं.

नाव कळलं, पण पहिली वेलांटी की दुसरी? दोन्ही तऱ्हांनी लिहितात. चुकली तर जुळणार नाही.

"तुझा जन्माचा दाखला आहे का जवळ?"

"टेबलावरच आहे. पण मला सगळं वाचता नाही येत."

"नको सगळं. नाव शोध. त्यातला म सापडला?"

कागद सळसळला. "सापडला!"

"त्याच्याजवळ एक काठी असेल, डोक्यावर टोपी घातलेली. वाचताना बोट सरकवतेस ना, तसं सरकव. आधी काय लागतं, काठी की म?"

"म. मग काठी."

"नीट बघ. घाई नाही." घाई होती.

"म-च. मग टोपीवाली काठी. मग र. मग अजून एक काठी आहे, पण तिला टोपी नाही."

"शाब्बास." थोरलीने दुसरी वेलांटी लिहिली, काना लिहिला आणि 'जतन करा' दाबलं. हिरवी खूण आली.

"आता मला घेणार शाळेत?"

"ते शाळा ठरवेल. पण आता तू त्यांना सापडशील."

"वाचून दाखवा ना काय लिहिलंत."

थोरलीने नाव मोठ्याने वाचलं.

"हां, मीच ती," मुलगी म्हणाली, आणि फोन तसाच टाकून पळाली. लांबून न्हाणीचं दार धडाधडा वाजवल्याचा आवाज येऊ लागला, "आई! आई! अगं आई!"

"झालं का?" बारीकरावांनी विचारलं.

थोरलीने हाताने त्यांना थांबायला सांगितलं. फोन तिने कानापासून काढला नाही. पलीकडून कुणीतरी "अगं हो, आले, आले" म्हणेपर्यंत ती ऐकत बसली.