वार्निशखालचे बैल

माझं नाव निघालं की लोक विचारतात, "बैलवाले प्रेमसिंग का?" हो, तोच मी. जस्ताच्या पत्र्यावर मेण चढवायचं, सुईनं त्यात चित्र ओढायचं, पत्रा ॲसिडमध्ये बुडवायचा आणि ॲसिडनं खाल्लेल्या रेघांत शाई भरून कागदावर छापायचं. पांढरकवड्याजवळच्या आमच्या तांड्यात चाळीस वर्षं मी हेच केलं.

तिशीत आजोबांची लदेणी, म्हणजे बैलांवरून माल नेणारा काफिला, चित्रात काढली होती. गोणी लादलेले शंभर बैल, अंगावरचा केस न् केस सुईनं ओढलेला. बक्षीस मिळालं आणि तिथंच माझा घात झाला. पुढं चाळिशीत मी बैलांच्या नुसत्या कडा ठेवल्या, साठीत बैल काढून टाकले आणि फक्त त्यांची धूळ ठेवली. ती धूळ मला जिवापाड आवडते. लोकांनी तिच्याकडं ढुंकून पाहिलं नाही.

आता सत्तरीत नागपूरला माझ्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन आहे. ते भरवणारा अतुल फोनवर म्हणाला, "काका, समोरच्या भिंतीसाठी एक मोठं नवं चित्र द्या. पण बैलच पाह्यजेत. धूळ कोण पाह्यते?"

संताप गिळून बसलो. दावं सुटलेल्या जनावरासारखा हात ओळखीच्या वाटेनं निघाला. दोन दिवसांत पत्रा बैलांनी भरला. एक रेघ चुकली नाही, त्याचीच किळस आली. मग ठरवलं, त्या भिंतीवर धूळच जाईल. मरेन, पण बैलवाला म्हणून नाही.

वार्निश लागतं तिथं ॲसिड पत्र्याला खात नाही. ब्रश घेऊन मी एकेक बैल बुजवला, भोवती सुईनं धूळ उधळली आणि पत्रा ॲसिडमध्ये सोडला.

प्रेसचं चाक माझी बायको लालीबाई फिरवते. छापलेला कागद तिनंच उचलला. दाराच्या उजेडात धरला.

"सोनूचे बापू, असे बैल तं तुमी कदीच काढले नाही."

मी पाहिलं. काळ्या धुळीत शंभर पांढरे बैल उभे होते. वार्निश लावतानाही माझा ब्रश वशिंडावरून वळला होता, शिंगाच्या टोकाशी थांबला होता, कडेबाहेर ठिपका गेला नव्हता. बुजवायचेच होते तर आडवंतिडवं फासायचं ना! एवढं मला कळत नव्हतं? कळत होतं. हाताला कळलं नाही.

मला रडूच आलं. "मले यातून सुटताच येत नाही, लाली."

"सुटून जासान कुठी?" तिनं कागद वाळायला दोरीवर टांगला.

फोन वाजला. अतुलच होता.

"काका, झाले का बैल?"

दोरीवरचे बैल माझ्याकडंच तोंड करून होते.

"झाले," मी म्हणालो.