निरोगी माणसं हवी आहेत

गेल्या वर्षापर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानाही माझा आवाज घशात अडकायचा. यंदा विज्ञान मंडळाच्या बाईंनी मला बळेच माइकसमोर उभं केलं आणि काय झालं कुणास ठाऊक, मी थांबेचना! तेव्हापासून मावशी मला 'भोंगा' म्हणते.

मावशीचं केस कापायचं दुकान आहे. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, वाट बघणाऱ्यांसाठी एक बाकडं. तिला संधिवात आहे. वयानं गुडघे झिजतात तो नव्हे, दुसरा. यात शरीराची रोगाशी लढणारी फौज आपल्याच सांध्यांवर उलटते. सकाळी तिची बोटं मिटता मिटत नाहीत, म्हणून दुकान उशिरा उघडतं. शाळेत जाताना मी तिच्या सगळ्या बाटल्यांची झाकणं सैल करून जाते, गिऱ्हाइकांसमोर अडायला नको म्हणून. घराबाहेर हे कुणालाच माहीत नव्हतं. "दुखऱ्या हातात कात्री आहे म्हटल्यावर मान कोण पुढे करेल गं?" असं ती विचारायची.

मग मोठ्या रुग्णालयात याच आजारावर संशोधन सुरू झालं. मावशी गुपचूप रक्त देऊन आली. "आजाऱ्यांची ही रांग," ती म्हणाली, "आणि निरोगी माणसांच्या खुर्च्या ओस. आमचं रक्त ज्यांच्याशी ताडून बघायचं ती माणसं आलीच नाहीत, तर काम अडेल म्हणतात."

बस्स! मी पोस्टरं रंगवली: 'निरोगी माणसं हवी आहेत!' आणि खाली, 'संधिवाताच्या संशोधनासाठी रक्त द्या.' एक तिच्या आरशालाच चिकटवलं.

"बोल हवं तेवढं," मावशी म्हणाली. "पण माझं नाव निघता कामा नये."

शाळा सुटल्यावर मी दुकानात पोचले तेव्हा खुर्चीत गाडी शिकवणाऱ्या बाई बसल्या होत्या. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा त्यांचा आवाज. केस ओले, अंगावर कापड, त्यामुळे त्यांना पळता येणार नव्हतं. बाकड्यावर शेजारच्या काकू मासिक चाळत होत्या.

"हे काय भलतंच?" बाईंनी पोस्टर वाचलं. "मी ठणठणीत आहे. मी कशाला सुई टोचून घेऊ?"

"ठणठणीत आहात म्हणूनच! ते 'फरक ओळखा' कोडं असतं ना, दोन चित्रांचं? एकच चित्र दिलं तर फरक कशाशी बघणार?"

"हं. पण हा म्हातारपणाचा रोग."

"अजिबात नाही! तिशीतसुद्धा होतो. सकाळी बोटं अशी आखडतात की साधं बाटलीचं झाकण उघडत नाही, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, आणि वरून हसत..."

"ए, ब्रेक मार! तुला गं एवढं कसं माहीत? घरात कुणाला आहे का?"

आरशात मावशीची कात्री थांबली. माझे कान तापले.

"पुस्तकात वाचलं."

"मग पुस्तकाचंच रक्त घ्या म्हणावं!" बाई खदखदून हसल्या. काकूही हसल्या.

मी काय बोलणार? खरं सांगितलं तर मावशीचं दुकान जाणार आणि गप्प बसले तर त्या खुर्च्या ओसच राहणार. आयुष्यात पहिल्यांदा आवाज सापडला होता आणि नेमका तोच गिळायची वेळ आली होती.

"मला आहे," मावशी म्हणाली.

बाईंचं हसू अर्ध्यावर राहिलं. त्यांनी आरशात मावशीच्या हातांकडे पाहिलं.

"कधीपासून?"

"तुमचा मुलगा बालवाडीत होता तेव्हापासून."

"तो आता कॉलेजात आहे! म्हणजे इतकी वर्षं माझे केस याच हातांनी?"

"याच."

"आणि मी तुला झोपाळू म्हणत होते, दुकान उशिरा उघडतेस म्हणून."

"म्हणा की. आजारी म्हणून घेण्यापेक्षा बरं वाटायचं."

काकूंनी मासिक ठेवलं, पर्स उचलली. "मी येते नंतर," असं पुटपुटत गेल्या. त्या अजून आलेल्या नाहीत. दार बंद होईपर्यंत मावशी त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता बाईही कापड झटकून उठणार.

बाई उठल्या नाहीत. त्यांनी मान खाली घातली, पार हनुवटी टेकेपर्यंत.

"काप," त्या म्हणाल्या. "एक बाजू आखूड, एक लांब घेऊन मी रुग्णालयात जाणार आहे होय? आणि माझ्याकडे शिकणाऱ्या सगळ्या धडधाकट आहेत. गाडीत कोंबून नेते एकेकीला."

मावशी कापत राहिली. शेवटी तिनं तेलाची बाटली उचलली, झाकण फिरवून पाहिलं आणि माझ्याकडे डोळे वटारले. पोस्टरांच्या नादात मी सकाळी झाकणं सैल करायलाच विसरले होते! मी धावले, पण तिनं मला हातानंच थांबवलं. बाटली तिनं बाईंच्या पुढ्यात धरली.

"एवढं उघडून द्या हो," मावशी म्हणाली. "मला नाही उघडत."