दोघींचा वर्ग

विद्यापीठाने प्रवेशाची माहिती द्यायला तळमजल्यावरच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. इंजिनिअरिंगच्या टेबलासमोर पार जिन्यापर्यंत रांग गेली होती. गणिताच्या टेबलामागे एक टक्कल पडलेले प्राध्यापक एकटेच बसून पेन्सिलीला टोक काढत होते. थोरली त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिच्या मागे, नेहमीसारखी, तिची मैत्रीण बुटकी.

थोरली दोन बहिणींतली मोठी, म्हणून घरात थोरली, आणि तेच नाव शाळेतही चिकटलं. बुटकी मात्र अजिबात बुटकी नव्हती. पाचवीतच ती बाईंच्या डोक्याच्या वर गेली होती, तेव्हा कुणा टवाळाने हे नाव ठेवलं आणि तिलाच ते आवडून गेलं. पहिलीपासून दोघी एका बाकावर.

"उच्च गणित घेतलंय?" प्राध्यापकांनी विचारलं.

"हो सर."

"मग बोलता येईल. ते नसलं तर अर्ज कुणी उघडूनसुद्धा बघत नाही. साधं गणित चालत नाही, त्यात कितीही मार्क असोत. उच्च गणितात पहिली श्रेणी, आणि वर आमची प्रवेश परीक्षा. ती जरा वेगळी असते. पाठ केलेलं तिथे उपयोगी पडत नाही."

"एवढं सगळं केलं तर मिळण्याची शक्यता किती?"

प्राध्यापक हसले. "गणिताची मुलगी शोभतेस. आठांत एक धर. पण शक्यता ही गर्दीची असते. तुझ्यापुरतं मिळेल, नाहीतर नाही मिळणार." मग त्यांनी मान उंचावून मागे पाहिलं. "आणि तू?"

"मी हिच्यासोबत आलेय. मला नर्स व्हायचंय."

"मग उच्च गणित कशाला घेतलंस बाई?"

"हिने घेतलं म्हणून," बुटकी म्हणाली, आणि तिघंही हसले.

थोरलीचे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर कुणाच्या तरी इमारतीत, काळोख्या पोकळीत, ग्रीसमध्ये हात घालून उभे. घरी आले की बोलायला त्यांच्यात जीव उरत नसे. पण थोरलीच्या गणिताचा त्यांना अभिमान होता. ती कागदावर काहीतरी खरडत बसली की ते टीव्हीचा आवाज बंद करून नुसतं चित्र बघत बसायचे. बुटकीला वडील नव्हते. तिची आई मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती. तळघरात वाफेच्या मशीनवर चादरी इस्त्री करून तिचे हात कोपरापर्यंत कायमचे लालसर झाले होते. लहानपणी शाळा सुटल्यावर बुटकी तिथेच चादरींच्या ढिगावर बसून गृहपाठ करायची. कधीकधी एखादी नर्स घाईघाईने खाली यायची, हिच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवायची, गालाला चिमटा काढायची आणि पुन्हा वर जायची. वर जाणारी ती बाई बुटकीच्या मनात घर करून बसली होती.

उच्च गणिताचा वर्ग अकरावीत पाचजणांनी सुरू केला. वर्ष संपेपर्यंत दोघांनी काढता पाय घेतला, सुट्टीनंतर तिसराही आला नाही. उरल्या या दोघी. तास भरायचा जिन्याखालच्या खोलीत. तिथे जुने नकाशे, मोडके डेस्क आणि कुणीच न वापरलेला एक प्रोजेक्टर. सर शिकवायचे मनापासून, पण फळ्याकडे तोंड करून. मागे वळले की थोरलीकडे बघायचे. बुटकीकडे बघितलं की त्यांना थांबावं लागायचं, म्हणून तिकडे बघायचेच नाहीत.

बारावीच्या पहिल्या चाचणीत थोरलीला पैकीच्या पैकी मिळाले. बुटकी काठावर नापास झाली.

"मी सोडते बाई हे," बुटकी म्हणाली. दोघी शाळेच्या मागच्या जिन्यावर डबा खात होत्या. "शुक्रवारपर्यंत साधं गणित घेता येतं. नर्सिंगला एकूण टक्के बघतात, आणि एका जरी विषयात गेले तर यादीत नावच लागत नाही. बाकीचं माझं बरं चाललंय गं. हे इंटिग्रेशन एकटं मला बुडवणार."

थोरलीचा घास हातातच राहिला. आदल्याच दिवशी मुख्याध्यापिकांनी तिला बोलावून घेतलं होतं. वाईट नव्हत्या त्या, पण स्पष्ट होत्या. "हे बघ, दोघी आहात तोवर मी कसाबसा हा वर्ग चालवतेय. एका मुलीसाठी मला शिक्षक अडकवून ठेवता येणार नाही. दुसरी गेली तर वर्ग बंद." बाहेरून परीक्षेला बसण्याची सोय नव्हती, आणि या विषयाची दुसरी शाळा पार शहराच्या त्या टोकाला. तिथल्या जागा कधीच भरल्या होत्या.

हे सगळं थोरलीने बुटकीला जिन्यावर सांगितलं. लपवलं काहीच नाही. बुटकी ऐकत राहिली.

"म्हणजे मी सोडलं तर तुझं विद्यापीठ गेलं."

"गेलंच."

"मग झालं तर. काय करायचं मी?"

"रोज संध्याकाळी मी तुझा अभ्यास घेते. रोज. पहिली श्रेणी नकोय तुला, नुसतं पास व्हायचंय. तेवढं मी करून घेईन. शप्पथ."

बुटकीने डब्याचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. "बरं," ती म्हणाली. "पण चिडायचं नाहीस माझ्यावर."

गुरुवारी संध्याकाळी बुटकीची आई थोरलीच्या घरी आली. कधी न येणारी बाई. कामावरून थेट आली होती, कपड्यांना साबणाचा वास येत होता. थोरलीच्या आईने पुढे केलेल्या खुर्चीवर ती अगदी कडेला टेकली.

"तुलाच विचारायला आलेय," ती थोरलीला म्हणाली. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. सरांना विचारलं, तर ते म्हणाले, मेहनत केली तर होईल. असं तर सगळेच म्हणतात. तू तिच्या शेजारी बसतेस. तू खरं सांगशील. तिला जमेल ना?"

थोरलीला माहीत होतं. बुटकीला पायऱ्या पाठ होत होत्या, पण गणित थोडं फिरवलं की ती काठावर उभी राहिल्यासारखी थिजायची. सर असे गुळमुळीत का बोलले, तेही तिला माहीत होतं. वर्ग बंद झाला असता तर त्यांची रवानगी पाचवी-सहावीच्या पोरांवर झाली असती. धाकटी बहीण दारात उभी राहून ऐकत होती. आई हातातलं फडकं घेऊन थांबली होती.

"जमेल काकू," थोरली म्हणाली. "मी आहे ना."

"तू आहेस म्हणून तर," काकू म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच खुर्चीत मागे टेकून बसल्या.

सुरुवातीला थोरलीने शब्द पाळला. संध्याकाळी बुटकीकडे जायचं, पलंगावर वह्या पसरायच्या, एकच गणित चार तऱ्हांनी सोडवायचं. बुटकी विनोद करायची. इंटिग्रेशनच्या लांबलचक चिन्हाला ती 'माझा पुतळा' म्हणायची. मधेच एखादं गणित सुटलं की उभी राहून स्वतःलाच सलाम ठोकायची. सहामाहीला ती पास झाली, कशीबशी, पण झाली. काकूंनी थोरलीच्या तोंडावरून हात फिरवला.

मग प्रवेश परीक्षेचा अभ्यास अंगावर आला. प्राध्यापक म्हणाले होते तसंच, ते प्रश्न वेगळे होते. एकेक प्रश्न दिवसभर डोक्यात घोळायचा आणि थोरलीला त्याची चटक लागली. जेवताना, आंघोळ करताना, धाकटीशी भांडताना तोच प्रश्न. बुटकीकडे जाऊन पुन्हा तीच पहिली पायरी समजावायची म्हटलं की तिला कंटाळा यायचा. एक दिवस तिने डोकं दुखतंय म्हणून निरोप धाडला. दुसऱ्या आठवड्यात पाहुणे आले, असं सांगितलं. नंतर काही सांगायचीही गरज राहिली नाही.

"तुझं झालं की शिकव," बुटकी शाळेत म्हणाली. "मी तोवर पाठ करते."

"हो, परीक्षा झाली की रोज येईन."

प्रवेश परीक्षा झाली आणि शाळेची परीक्षा अगदी तोंडावर आली. थोरली दोनदा गेली. दुसऱ्यांदा बुटकीने वही पुढे केली. पानंच्या पानं सुवाच्च अक्षरात भरलेली, आणि जवळजवळ सगळी चुकलेली. थोरली चिडली.

"अगं हे काय लिहिलंयस? हे तर आपण कितीदा केलं!"

बुटकीने वही मिटून घेतली. "चिडायचं नाही ठरलं होतं," ती हळूच म्हणाली. मग चहा टाकायला उठली, आणि त्या दिवशी पुढे गणित झालं नाही.

निकालाच्या दिवशी थोरलीला पहिली श्रेणी होती. दुसऱ्या शहरातल्या त्या विद्यापीठाचाही होकार आला. वडील कामावरून लवकर आले आणि काय करावं ते न सुचून त्यांनी बंद पडलेला पंखा दुरुस्त केला. बुटकीला जीवशास्त्रात चांगले होते, भाषेत चांगले होते. उच्च गणितात ती नापास होती, काठावर नव्हे, चांगलीच. नर्सिंगच्या यादीत तिचं नाव लागणं शक्यच नव्हतं. पुन्हा बसायचं तर अख्खं वर्ष काढावं लागणार होतं, आणि काकूंच्या पाठीने तोवर संप पुकारला होता. त्यांना उभं राहवत नव्हतं. लाँड्रीवाल्यांनी त्यांच्या जागी मुलीला घ्यायची तयारी दाखवली. बुटकी आठवड्याभरात कामावर रुजू झाली.

थोरली तिला भेटायला तळघरात गेली. वाफेने समोरचं माणूस धुरकट दिसत होतं. बुटकी आणि दुसरी एक बाई चादरीची दोन-दोन टोकं धरून ती मशीनमध्ये सरकवत होत्या. बुटकी कमरेत वाकून उभी होती. मशीन तिच्या आईच्या उंचीचं होतं.

"थांब, एवढा गठ्ठा होऊ दे," ती म्हणाली. गठ्ठा झाल्यावर ती बाहेर पायऱ्यांवर येऊन बसली आणि कपाळ पुसलं.

"मी तुला पुन्हा शिकवीन," थोरली म्हणाली. "सुट्टीत येईन तेव्हा. तू पुढच्या वर्षी साधं गणित घेऊन बस."

"आईकडे कोण बघेल? आणि घरात खायचं काय?" बुटकीचा आवाज चढलेला नव्हता. "ते राहू दे. मला एक सांग. तू मला जिन्यावर विचारलंस, मी हो म्हटलं. ते माझ्या डोक्यावर. पण आई तुझ्या घरी आली होती ना, त्या दिवशी तुला माहीत होतं का, मला जमणार नाही ते?"

थोरलीने खाली पाहिलं. खोटं बोलायचं तर हीच वेळ होती, आणि ते बोलणं कदाचित दयेचंही ठरलं असतं.

"माहीत होतं."

बुटकीने ओले हात ओढणीला पुसले. मग उठली. "एवढंच विचारायचं होतं. जा आता. इथे उभी राहिलीस तर कपडे ओले होतील." ती आत गेली आणि चादरीचं टोक तिने पुन्हा हातात घेतलं.

निघायच्या आदल्या दिवशी वडील थोरलीची बॅग दोरीने बांधत होते. तिने त्यांना सगळं सांगितलं. काकूंचं येणं, 'जमेल' म्हणणं, डोकेदुखीची थाप. वडील गाठ मारता मारता थांबले.

"मग काय, जाऊ नकोस म्हणू का मी तुला?"

"नाही."

"मी नको म्हटलं तर राहशील?"

तिने दोरीचं सुटं टोक उचलून त्यांच्या हातात दिलं.

"मग मला कशाला सांगतेस पोरी?" ते म्हणाले. रागावले नव्हते, थकले होते. त्यांनी गाठ पक्की केली, बॅग उचलून वजन पाहिलं आणि दाराशी नेऊन ठेवली.

विद्यापीठात थोरली रमली. सुरुवातीला धडपडली, मग सावरली. एकदा सगळ्या वर्गाला न सुटलेली सिद्धता तिने फळ्यावर लिहिली, तेव्हा कुणीतरी मागून टाळ्या वाजवल्या. बुटकीला तिने मोबाइलवर दोनतीन निरोप पाठवले. उत्तर आलं नाही, तेव्हा वाईट वाटलं आणि थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

सहामाही संपता संपता आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर आई म्हणाली, "बुटकीला लाँड्रीतून वर घेतलं बरं का. वॉर्डात."

"वॉर्डात? खरंच?" थोरली वसतिगृहाच्या गॅलरीत उभी होती. तिचा आवाज इतका मोठा झाला की खालून जाणाऱ्या दोन मुलींनी वर पाहिलं. "बघ! म्हणजे झालंच की गं तिचं! वॉर्डातच तर जायचं होतं तिला!"



"आया म्हणून घेतलंय गं," आई म्हणाली. "उंच आहे ना. पेशंट उचलायला बरी पडते."