सांगणाऱ्याचा रकाना

"हे आईनं सांगितलं?"

मावशींच्या मुलीनं पुस्तक माझ्या टेबलावर उघडं ठेवलं आणि एका चौकोनावर बोट टेकवलं. दुपारचे तीन वाजले होते. मी डबा धुऊन नुकताच जागेवर येऊन बसलो होतो. पानाचा आकडा बघायचीही गरज नव्हती. पान एकशे चाळीस, नात्यांच्या शब्दांचा तक्ता, सातवी ओळ, उजवीकडचा चौकोन. गेले चार महिने तो चौकोन माझ्या डोळ्यांपुढून हलला नव्हता.

"बसा ना ताई. पाणी देऊ?"

"पाणी नको. आईनं हा शब्द सांगितला का, तेवढं सांगा."

"आता छापलंय म्हणजे..." मी म्हणालो आणि समोरचा पेन उगाच उघडून परत बंद केला. एकोणसाठ वर्षांचा माणूस मी, पण वर्गात पकडलेल्या पोरासारखा नखं बघत बसलो.

माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या भाषा विभागात मी कार्डं लिहितो. ज्या बोली बोलणारे चार-पाचच उरलेत, त्यांच्याकडे जायचं, ते बोलतील ते ऐकायचं आणि एकेक शब्द कार्डावर उतरवून फोडायचा. मूळ शब्द कुठला, त्याला मागून काय काय चिकटलं, ते सुटं करायचं. 'घरातल्यांना' हा शब्द दिसला की तुम्ही पुढं वाचता. मला आधी 'घर' दिसतं, मग 'आत', मग 'ला', मग 'ना'. विभागात मला 'कात्री' म्हणतात. बायको म्हणते, "'घरातल्यांना'चे चार तुकडे करता येतात तुम्हाला, पण घरातल्यांशी चार शब्द बोलता येत नाहीत." खरंच आहे तिचं.

प्रत्येक कार्डावर खाली एक रकाना असतो: सांगणारा. शब्द ज्याच्या तोंडून ऐकला त्याचं नाव तिथं. आणि एखादं रूप कुणाच्या तोंडून ऐकलं नसेल, आपणच नियम लावून तयार केलं असेल, तर त्याच्याआधी छोटा तारा काढायचा. तारा म्हणजे आमच्या धंद्यातली कबुली, की बाबांनो, हे कुणी म्हटलेलं नाही, हा आमचा हिशेब आहे. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी हा तारा मीच त्याला शिकवतो. एकतीस वर्षं शिकवतोय.

मावशी म्हणजे या पुस्तकातली बोली बोलणाऱ्या शेवटच्या पाच जणांतल्या एक. व्यवसायानं रफूवाल्या. खिडकीपाशी खुर्ची टाकून कोटांची, शालींची भोकं बुजवायच्या आणि हात चालता ठेवून आमच्याशी बोलायच्या. मी मास्तर नाही, पण त्या मला मास्तरच म्हणायच्या, तेही अरे-तुरे करून. "मास्तर, तू माझ्या बोलीची हाडं मोजतोस, जरा मांसही बघ की," असं म्हणून खो खो हसायच्या. दोन वर्षं मी दर बुधवारी त्यांच्याकडे जात होतो. सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख, पुस्तक लिहीत होते. शब्द आणणारा मी.

त्या बोलीत एक गोष्ट होती, जिच्यामुळे सरांचे डोळे चमकायचे. आपण 'वारलेला भाऊ' म्हणतो, आधी वेगळा शब्द जोडतो. त्यांच्यात नात्याच्या शब्दालाच मागून एक बारकं शेपूट लागतं. माणूस आहे तोवर शब्द मोकळा, गेला की शेपूट. त्यामुळे नुसतं 'आई' म्हटलं तरी ऐकणाऱ्याला कळतं, आहे की नाही.

तक्त्यात बारा नाती होती आणि प्रत्येकाला दोन चौकोन. आईवडील, नवरा, थोरला भाऊ ही रूपं मावशींनी सुई न थांबवता सांगितली. मुलीच्या चौकोनाशी थोडं अडलं, कारण मुलगी धडधाकट, आतल्या खोलीत कामावर जायची तयारी करत होती. मग शेजारणीच्या वारलेल्या लेकीबद्दल बोलता बोलता तेही रूप आलं. राहिला मुलगा.

मुलगा सत्तावीस वर्षांपूर्वी बोटीवर कामाला गेला होता. पहिली दोन वर्षं पत्रं आली. मग नाही. बोट बुडाल्याची खबर नाही, प्रेत नाही, काही नाही. त्याचा निळा स्वेटर कोपराशी रफू करून कपाटात ठेवलेला मी पाहिला होता.

"शेजारपाजारचा कुणाचा मुलगा, मावशी?" मी विचारलं होतं. "कुणाचाही चालेल."

सुई थांबली. "मुलगा म्हटलं की माझाच येतो रे डोळ्यापुढं. तक्त्यातलं ते घर राहू दे मोकळं."

"राहू देतो," मी म्हणालो. "शब्द देतो."

असं म्हणालो होतो मी. शब्द देतो.

पुस्तक छपाईला जायच्या आठवड्यात सर माझ्या टेबलाशी आले. "अहो, एवढा देखणा तक्ता आणि मध्येच पडलेला दात! पुन्हा एकदा जाऊन विचारा. नाहीच म्हणाल्या तर बघू."

गेलो मी. खोटं नाही सांगत, त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. खिडकीत मावशी दिसल्या, चष्मा नाकाच्या टोकावर, एक कापड उजेडासमोर धरलेलं. वरती जाऊन त्या बाईला काय म्हणायचं, की मुलगा मेलाय असं समजा आणि एकदा बोला? मी कोपऱ्यावर चहा प्यालो आणि परत फिरलो.

नियम मला पाठ होता. मूळ शब्द घेतला, शेपूट लावलं, अर्ध्या मिनिटात रूप तयार. बरोबरच असणार ते, चुकायला जागाच नव्हती. तारा काढायला पेन टेकवला आणि वाटलं, तारा दिसला की सर विचारणार, गेला होतात ना? मग काय झालं? मग मी तारा काढलाच नाही. सांगणाऱ्याच्या रकान्यात मावशींचं नाव लिहिलं. माझं अक्षर फार सुवाच्य आहे.

"भाऊ," मावशींची मुलगी म्हणाली. ती दातांच्या दवाखान्यात नावं नोंदवायला बसते, समोरच्या माणसाकडून उत्तर काढून घ्यायची तिला सवय आहे. "आईला वाचता येत नाही, तुम्हाला माहितीये. पुस्तक आल्यापासून रोज संध्याकाळी मी तिला दहा पानं वाचून दाखवते. काय कळतं तिला त्यातलं! पण स्वतःचे शब्द आले की मान हलवते, हो, असंच म्हणाले मी. एकशे तीस पानं झाली. आज एकशे चाळीस येणार."

"मग आज तेवढं पान..." माझ्या तोंडून निघून गेलं.

"वगळू? पान उलटल्याचा आवाज मोजते ती. मागच्या आठवड्यात दोन पानं एकदम उलटली, तर लगेच म्हणाली, मागं जा." तिनं पुस्तक स्वतःकडं ओढलं. "मी सकाळी सहज पुढं चाळत होते. हे दिसलं. खरं सांगू? आधी हलकं वाटलं. दादाबद्दल 'होता' म्हटलं तरी दोन दोन दिवस बोलत नाही ती माझ्याशी. म्हटलं, सुटली एकदाची. मग राग आला. मला नाही सांगितलं आणि परक्या माणसाला सांगितलं?"

त्या क्षणी 'हो' म्हणणं किती सोपं होतं! त्यांनीच सांगितलं, पण तुम्हाला सांगू नका म्हणाल्या. तिला हलकं वाटलं असतं, माझी सुटका झाली असती. मी तोंड उघडलंसुद्धा.

"ताई, त्यांनी नाही सांगितलं," मी म्हणालो. "मी भरलं ते. माझ्या मनानं."

शेजारच्या टेबलावरचं टाइपिंग थांबलं होतं.

"उठा," ती म्हणाली. "हे मी नाही सांगणार तिला."

ती पुढं, मी मागं, असे आम्ही मावशींच्या घरी पोचलो. जिना चढताना मला धाप लागली. मावशी खिडकीशीच होत्या, मांडीवर करड्या रंगाचा कोट.

"अगोबाई, मास्तर! आज बुधवार नाही काही," त्या म्हणाल्या. "बस. आज आपल्या नात्यांचं पान आहे म्हणे. बरा आलास, तूच वाच."

मी त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसलो. मुलगी दाराला टेकून उभी राहिली. काय सुचलं कुणास ठाऊक, मी म्हणालो, "काय रफू करताय?"

"बाहीला सिगरेटचं भोक. हे बघ, आतल्या शिवणीतून दोरा ओढून काढायचा, त्याच कापडाचा. बाहेरचा दोरा घातला की दिसतोच. गिऱ्हाइकाला नाही दिसत, पण मला दिसतो." त्यांनी सुई कोटात टोचून ठेवली. "हं, वाच."

मी पुस्तक उघडलं. आई, बाबा, नवरा, थोरला भाऊ. दोन्ही रूपं वाचत गेलो. मावशी मान हलवत होत्या. मुलगी या शब्दाची दोन रूपं वाचली. सातवी ओळ आली. मुलगा, मोकळा शब्द. तो वाचला. त्यांनी मान हलवली, जरा हसल्याही.

मग मी थांबलो.

"का रे? पुढचं वाच."

"मावशी, ते घर मी मोकळं ठेवलं नाही. भरून टाकलं. आणि तुम्ही सांगितलं, असं खाली लिहिलं."

त्यांना समजायला वेळ लागला. मला चेहऱ्यावर ते समजताना दिसलं. एवढं वाईट मी आयुष्यात दुसरं काही पाहिलेलं नाही.

"काय लिहिलंस? म्हण."

मी प्रयत्न केला. दोन वर्षं त्या बोलीचे शब्द मी फाडफाड म्हणायचो, उच्चारासकट. हा शब्द अर्ध्या मिनिटात तयार केला होता. पण त्यांच्यासमोर बसून माझी जीभ उचलेना. मूळ शब्दापर्यंत गेलो आणि शेपटाशी अडलो. पुन्हा गेलो, पुन्हा अडलो. शेवटी माझे डोळेच भरून आले. लाज वाटली. त्यांनी रडायचं, तर मी रडत होतो.

"नाही ना म्हणवत?" मावशी म्हणाल्या. "तुमचा तर कोणी नव्हता तो."

दोन वर्षांत पहिल्यांदा त्या मला 'तुम्ही' म्हणाल्या.

"चुकलं माझं, मावशी."

"किती पुस्तकं छापली?"

"पाचशे."

"पाचशे ठिकाणी मी म्हटलं तर." त्यांनी हात पुढे केला. "कुठलं घर ते, दाखवा."

मी दाखवलं. त्यांनी सुयांच्या डबीतून छोटी कात्री काढली, पान उजेडासमोर धरलं आणि चारी रेघांना लागून तो चौकोन कापून काढला. रेघ कुठंही तुटली नाही. पलीकडच्या पानावरची दोन अक्षरं त्या भोकातून दिसायला लागली. कापलेला तुकडा त्यांनी चिमटीत धरला. मला वाटलं, फाडतील. नाही फाडला.

"हे मी बोलले नाही," त्या म्हणाल्या आणि तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. "जो बोलला, त्यानं सांभाळावं."

मुलीनं माझ्या मांडीवरचं पुस्तक उचललं. "आई, पुढं वाचू?"

"वाच की. धाकटा भाऊ राहिलाय," मावशी म्हणाल्या आणि पुन्हा कोट हातात घेतला. मी जिना उतरेपर्यंत तिचा आवाज ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "रूप बरोबर आहे ना पण?" मी म्हणालो, "बरोबर आहे, सर. तेच तर." त्यांनी चूक दुरुस्तीची चिठ्ठी छापायला सांगितली. कोठारात अजून दोनशे अकरा प्रती आहेत. रोज जेवणाच्या सुट्टीत मी बसून एकेका प्रतीत चिठ्ठी चिकटवतो आणि एकशे चाळिसाव्या पानावर हातानं तारा काढतो. बाकीच्या प्रती कुठं कुठं गेल्या, देव जाणे. त्यानंतरच्या बुधवारी मी मावशींच्या गल्लीपर्यंत गेलो होतो. खिडकी उघडी होती, पण वर जायची हिंमत झाली नाही.

तो तुकडा मी नव्या कार्डावर चिकटवला. शब्दाच्या आधी तारा काढला. खालच्या रकान्याशी आलो तेव्हा सवयीनं हात मावशींच्या नावाकडं वळला होता. थांबलो. एकतीस वर्षांत हजारो कार्डं लिहिली, पण त्या रकान्यात माझं नाव कधी आलं नव्हतं. सांगणारा, त्यापुढं मी माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि कार्ड खणात मोकळ्या शब्दाच्या मागं ठेवून दिलं.