चाळीस पावलांवरचं दार

शशिकलाबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन सकाळी दहाला आटोपलं आणि तेव्हापासून दवाखान्याचं मुख्य दार त्यांच्यापासून कायम चाळीस पावलांवर राहिलं. त्या दहा पावलं चालल्या, की भिंती, बाकं, सलाइनचे स्टँड असं सगळंच दहा पावलं पुढे सरके.

"आमच्याकडे पेशंट कायम मध्यभागी असतो, काकू," सिस्टर घोरपडे कौतुकाने म्हणाल्या. "चहा आणू? बिनसाखरेचा, आलं घालून. तुम्हीच लिहिलंय फॉर्मवर."

"चहा नको. मला घरी सोडा."

"सोडणार की! रात्रभर ठेवतच नाही आम्ही कुणाला. यजमान न्यायला आले, की लगेच."

इथेच तर घोडं अडलं होतं. 'सोबत कोण?' या रकान्यात शशिकलाबाईंनी ठसक्यात नवऱ्याचं नाव लिहिलं होतं. चारचौघांत 'कोणी नाही' लिहायची त्यांना लाज वाटली. यशवंतरावांना तर आताशा स्वतःचं नावही आठवत नसे. ते भरकटू नयेत म्हणून बाई घराला बाहेरून कुलूप घालून आल्या होत्या, आणि किल्ली बाईंच्याच कमरेला. शिवाय अधूनमधून गॅस पेटवून बघायची यशवंतरावांना खोड होती.

"ते नाव खोडा. मी एकटी जाईन."

"असं कसं? तुमची इच्छा आम्ही कशी खोडायची?" सिस्टरना खरंच वाईट वाटलं.

शशिकलाबाईंचा जीव कासावीस झाला. त्या उठल्या आणि चालतच सुटल्या. दवाखानाही निघाला. मंडई एका भिंतीतून आत आली, दुसरीतून बाहेर गेली. भाजीवाल्यांनी तेवढ्यापुरते पाय वर घेतले. मग त्यांची गल्ली आत आली, आणि मुख्य दाराच्या जागी त्यांच्या घराचं दार येऊन उभं राहिलं. कुलूप जसंच्या तसं. चाळीस पावलांवर.

त्या धावल्या. दारही धावलं. त्या थांबल्या, तसं तेही थांबलं.

"बघा काकू, आले यजमान!" सिस्टर म्हणाल्या.

आतून कोणीतरी दारावर हळूच टकटक केली.

"अहो!" शशिकलाबाई ओरडल्या. "मी आहे, शशी!"

"घाबरू नका, बाई," आतून यशवंतराव अगदी मायेने म्हणाले. "तुम्हाला कोणी कोंडून ठेवलंय? थांबा हं, मी तुमच्या घरच्यांना घेऊन येतो."

दारापलीकडे त्यांची पावलं लांब जाऊ लागली, दोन खोल्यांच्या घरात मावणार नाहीत इतकी लांब.