कागदावरचं एकावन्न

सगळं थिएटर मला मावशी म्हणतं. नट, नाचणाऱ्या पोरी, दिवेवाले, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला दरवानसुद्धा. एवढी भाचरं व्हायला मला डझनभर बहिणी लागल्या असत्या. खरी भाची एकच, ठमी. लहानपणी गुबगुबीत होती म्हणून ठमी. यंदाच्या नृत्यनाट्यात ती नायिका आहे.

पानगळ लागली की आमच्या शहराला नाटकांचा ज्वर चढतो. तीन थिएटरं, रोज प्रयोग, आणि राबणारी माणसं तेवढीच. माझा कपडेपट तळघरात आहे. खिडकी फुटपाथच्या पातळीवर, त्यामुळे माणसांचे नुसते पाय दिसतात. काचेला ओली पानं चिकटून बसतात आणि भर दुपारी दिवा लावावा लागतो. यंदा त्या खोलीत मला एकटीला बसवेना. कारण मला ठाऊक होतं, पण कारण ठाऊक असणं आणि ते तोंडाने बोलणं यात फार अंतर असतं, काय सांगू.

या खेळात शेवटी ठमी उडते. पाठीला तार, तार वर छतापर्यंत, आणि दुसऱ्या टोकाला लोखंडी वजनं. ठमी आणि वजनं तोलात असली की दोरवाला एका हाताने तिला पिसासारखी वर नेतो. वजनं जास्त झाली तर पोरगी सुसाट वर जाऊन तुळईवर आदळेल. म्हणून आमच्याकडे शिरस्ता असा, की प्रयोगाआधी दोन तास पूर्ण पोशाखात तिला माझ्या काट्यावर उभी करायची, आकडा कागदावर लिहायचा, खाली सही करायची, आणि कागद वर दोरवाल्याकडे. पहिल्या दिवशी आकडा आला एकावन्न किलो. अठ्ठेचाळीसच्या खाली गेला तर भूमिका दुसरीला आणि ठमी डॉक्टरांकडे, असं व्यवस्थापकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात मी तिची चोळी आत घेतली. चौथ्या आठवड्यात पुन्हा. पाचव्यात काटा सत्तेचाळीसवर थरथरला आणि ठमीने माझे दोन्ही हात धरले.

"मावशी, एवढा हंगाम. फक्त एवढा हंगाम गं. मग तू म्हणशील ते खाईन."

"मेले, काही खातेस तरी का तू?"

"खाते गं. धावपळीने उतरलंय. आईला सांगू नकोस."

तिची आई म्हणजे माझी धाकटी बहीण. लांब राहते, रोज फोन करते, 'लक्ष आहे ना गं तुझं?' म्हणून विचारते. आहे की, म्हणायची मी. लक्ष होतंच. नको इतकं होतं. घेरदार परकर नीट पडावा म्हणून दुमडीत आम्ही शिशाच्या बारीक पट्ट्या शिवतो. मी निळ्या कापडात गुंडाळून चार किलोच्या पट्ट्या शिवल्या. काटा एकावन्नवर आला. मी कागदावर एकावन्न लिहिलं. म्हटलं, पोशाखासकट वजन खरंच तेवढं आहे, दोरवाल्याला काय फरक पडतो? स्वतःला शहाणी समजत होते मी!

त्यानंतर काटा एकावन्नवरून हलला नाही. मी चोळी मात्र आत घेतच होते. हे दोन्ही एकदम कसं खरं असेल, हे मी स्वतःला विचारलं नाही.

आमचे जुने दोरवाले काका एकदा जिन्यात म्हणाले, "मावशी, तुमचा कागद काय म्हणायचं ते म्हणू दे. माझ्या हाताला वेगळं लागतं." मी फणकारले, की काटा माझा आहे, हात तुमचा म्हातारा झालाय. ते हसले नाहीत. ठमीबद्दल विचारत राहिले, जेवते का, झोपते का.

आज दुपारी तीनचा प्रयोग होता. काकांना दोन दिवसांसाठी पलीकडच्या थिएटरात नेलं होतं आणि त्यांच्या जागी नवा माणूस आला होता. चाळिशीचा, नेटका, कामाला चोख. कागद घ्यायला स्वतः खाली आला. "मी आकड्याबाहेर जात नाही," म्हणाला. मला बरं वाटलं. कागदावर सही केली.

शेवटचा प्रवेश सुरू झाला तेव्हा मी ठमीच्या मेकअपच्या खोलीत तिची शाल आणायला गेले. भिंतीवरच्या स्पीकरमधून संगीत ऐकू येत होतं. टेबलाखालच्या पिशवीला पाय लागला आणि पिशवी हललीच नाही. उचलायला गेले तर हाताला हिसका बसला. आत शिशाच्या पट्ट्या होत्या. माझ्या निळ्या, सगळ्या उसवलेल्या. एवढं ओझं घेऊन नाचायचं कसं? ती काट्यावरून उतरली की रोज काढून ठेवत होती, दुसऱ्या दिवशी वजनाआधी पुन्हा खोचत होती. आणि माझ्या पट्ट्यांखाली आणखी पट्ट्या होत्या, बँडेजच्या पांढऱ्या कापडात, ठमीच्या गबाळ्या टाक्यांनी शिवलेल्या. त्या चोळीच्या अस्तरात बसणाऱ्या होत्या. मला फसवायला.

इतके दिवस ही पोर हलकी होऊन उडत होती आणि काका हाताच्या अंदाजाने वजनं उतरवून ठेवत होते, कुणाला न सांगता. आज वर काका नव्हते. वर माझी सही होती.

पिशवी छातीशी धरून मी दोरवाल्याच्या मचाणाचा लोखंडी जिना चढले. गुडघ्यांनी बोंब मारली, मारू दे. खाली बासऱ्या सुरू झाल्या होत्या. बासऱ्यांनंतर ढोल, आणि ढोलावर ती उडते.

"थांबा!" मी ओरडले. "ती एकावन्न नाही!"

नव्या माणसाने दोरावरचा हात काढला नाही, पण मान वळवली. "कागद तुमचा आहे."

"खोटा आहे! शिसं घालून लिहिलाय. हे बघा!"

त्याने पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आरडाओरडा केला नाही. वजनांपाशी वाकला आणि म्हणाला, "खरा आकडा सांगा. मिनिट आहे, उतरवतो."

मी तोंड उघडलं. एकावन्नातून माझे चार गेले. तिचे किती? पिशवी मी हातावर तोलून पाहिली. तीन? सहा? आठवड्याला दोनदा तिची कंबर माझ्या हातात होती, टाचण्या माझ्या तोंडात होत्या.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"मग नाही उचलत," तो म्हणाला आणि त्याने दोर अडकवणारी खिट्टी आत ठोकली.

ढोल वाजला. खाली ठमी चवड्यांवर उभी राहिली, हात वर केले, मान वर केली. तार हलली नाही. ती तशीच उभी राहिली. वरून मला तिचे खांदे दिसत होते, नुसती हाडं, आणि त्यावर माझीच शिवण. मग कठड्यावर वाकलेली मी तिला दिसले, माझ्या हातातली पिशवी दिसली. मी तिला इतकी घाबरलेली कधी पाहिली नव्हती, अगदी लहानपणीसुद्धा. लोकांना वाटलं हाच शेवट, आणि त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पडदा पडला तशी ती गुडघ्यांतून खाली गेली.

मी कशी उतरले ते आठवत नाही. विंगेतली माणसं तिच्याभोवती जमली होती, त्यांना बाजूला सारून मी तिच्यापाशी पोहोचले. तार सोडवली. "मावशी, सांगितलंस?" ती पुटपुटली. मी हो म्हटलं. ती रडायला लागली, पण आवाज निघेना. तिला आत न्यायचं म्हणून मी तिच्या पाठीखाली आणि गुडघ्यांखाली हात घातले, दात आवळले आणि सगळा जोर लावून उचललं, आणि मीच मागच्या मागे कलंडले. इतका जोर लागलाच नाही.