उभ्या काड्या

कुरण सांभाळणारी उल्रिका तिथले नियम समजावून सांगत होती आणि आन्नेली फोटो काढून घेत होती. डोक्याला रुमाल, खांद्यावर दाताळं, मागे बर्चची झाडं. स्टॉकहोमच्या ऑफिसात सगळ्यांना सांगून आली होती ना बाई, की यंदाची सुट्टी निसर्गाच्या कुशीत, जुनं कुरण वाचवायला! मग पुरावा नको?

"ए स्टॉकहोम," यालमार ओरडला, "दाताळ्याचे दात खाली धर, नाहीतर स्वतःचेच केस विंचरशील!"

सगळे हसले, तीही हसली. यालमार ऐंशीच्या पुढचा, पण कापणीत पहिला मान त्याचा. या कुरणात यंत्र घालत नाहीत. लांब दांड्याचे विळे घेऊन माणसं उभ्याने गवत कापतात, एकामागे एक, आणि सगळ्यांत पुढे यालमार. हिवाळ्यात त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा गावाला वाटलं, आता हा बसला घरी. कुठला बसतोय! आला विळा परजत.

कापणीआधी पडलेल्या फांद्या आणि दगड वेचायचे असतात, नाहीतर पात्याला खांडं पडतात. आन्नेलीने जीव तोडून वेचलं. वरच्या अंगाला काही काड्या जमिनीत उभ्या रोवलेल्या दिसल्या. पोरांचा खेळ असेल, असं म्हणत तिने त्याही उपटून ढकलगाडीत टाकल्या. कसं लख्ख झालं!

दुपारी उल्रिका किंचाळली, "अरे देवा, जेंशियन!"

जांभळ्या फुलांची ती ठेंगणी झाडं साऱ्या पंचक्रोशीत फक्त तिथे उरली होती. बी पिकून पडेपर्यंत तेवढा तुकडा काड्या रोवून राखून ठेवायचा, हे सकाळीच सांगून झालं होतं. रंगीत फीत बांधली की येणारेजाणारे फुलं तोडून नेतात, म्हणून नुसत्या काड्या. आता तिथे कापलेलं गवत आडवं पडलं होतं, आणि त्याच्यापुढे यालमार उभा होता.

"यालमार, काड्या दिसल्या नाहीत तुला?"

"काड्या? नव्हत्या इथे."

"मी स्वतः रोवल्यात रे."

यालमारने चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला, जमिनीकडे पाहिलं. "मग नसतील दिसल्या मला," तो हळूच म्हणाला.

आन्नेलीला ढकलगाडी आठवली. आत्ता बोल, आत्ता, असं मन ओरडत होतं. तेवढ्यात कॉफीची हाक आली. कुणीतरी यालमारच्या पाठीवर हात ठेवला. "असू दे, या वयात होतं असं." आन्नेली शेजारीच बसली होती. दालचिनीचा पाव चावत राहिली. कॉफी झाली की सांगते, मनाशी म्हणाली. कॉफी झाली. यालमारने आपला विळा उल्रिकाच्या हातात दिला आणि दाताळं उचललं.

"मी आपला गवत ओढतो. आता पुढे तू चाल."

आता मात्र आन्नेलीला राहवेना. ती त्याच्यामागे धावली. "यालमार, काड्या मी उपटल्या. मला कचरा वाटला. गाडीत आहेत."

त्याने गाडीत पाहिलं. आता हसेल, चालायचंच म्हणेल, अशी तिला आशा होती. नालायक आशा!

"कधी कळलं तुला?"

"उल्रिका ओरडली तेव्हाच."

"म्हणजे कॉफीच्या आधी." त्याने दाताळं जमिनीवर टेकवलं. "फुलांचं एक वेळ सोड. मी तिथे बसून माझ्या डोळ्यांना शिव्या घालत होतो, आणि तू शेजारी बसून पाव खात होतीस? जा, सांग सगळ्यांना. मोठ्याने."

तिने सांगितलं. कान जळत होते. विळे थांबले.  कुणी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. उल्रिकाने विळा यालमारला परत दिला आणि त्याच्यासाठी पुढची जागा सोडली.

यालमारने एक झपका मारला. मग थांबला, गुडघ्यावर बसला आणि पुढच्या गवतातून हात फिरवून पाहिला. उठला, एक झपका मारला, पुन्हा खाली वाकला. डोळे चांगले आहेत हे आता त्यालाही माहीत होतं, पण विश्वास बसत नव्हता. त्याच्यामागची माणसं विळे धरून मुकाट थांबत होती.

आन्नेली मान खाली घालून गवत ओढू लागली. वर बघायची तिची हिंमत झाली नाही.